एका बाजूला नऊ पाने

अकरा मे, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. मुलीच्या लिहिण्याच्या पॅडमागून निघालेले कागद, आठ.

प्राचार्यांनी ते टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येक कागदाच्या प्रत्येक बाजूला पुस्तकाची नऊ पाने लहान करून छापली होती. अक्षर मुंगीच्या पायाएवढे.

टेबलापलीकडे मुलगी उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना वर्गावरचे दोन पर्यवेक्षक होते. कॉपीचा आरोप असल्यास दोघांनीही समक्ष जबाब द्यावा, असा नियम होता.

"वर्गात कोण आहे?" प्राचार्यांनी विचारले.

"शिपायाला दाराशी बसवलंय, सर," पर्यवेक्षिका म्हणाल्या. "मी फेरी मारत होते. हिच्या पॅडखालून कागदाचा कोपरा बाहेर आलेला दिसला. ओढला तर हे सगळं घबाड."

"नियम माहीत आहे ना तुला?" प्राचार्य मुलीकडे वळले. "दोष सिद्ध झाला तर एक वर्ष परीक्षेला बंदी."

"माहीत आहे, सर. मला जुलैत नोकरीवर हजर व्हायचंय. वर्ष गेलं तर तीही गेली."

"मग हे काय आहे?"

"अभ्यासाची प्रत आहे, सर. सकाळी बसमध्ये वाचत होते. पॅडला लावलेली काढायची राहून गेली."

"आणि एवढी बारीक?" धाकटे पर्यवेक्षक हसले. "बसमध्ये सूक्ष्मदर्शक घेऊन बसतेस वाटतं."

मुलीने शांतपणे सांगायला सुरुवात केली. ग्रंथालयात पुस्तकाच्या तीनच प्रती होत्या. विकत घेणे परवडण्यासारखे नव्हते. छपाईचे पैसे दुकानदार कागदावर लावतो, अक्षरांवर नाही. म्हणून पाने जितकी लहान, तितका खर्च कमी. आधी दोन पाने एका बाजूला बसवून पाहिली, मग चार, मग नऊ. सोळा बसवली तेव्हा शाई नुसती पसरली. नऊ ही शेवटची मर्यादा ठरली. त्यात पाठपोट छापले की एकशे चव्वेचाळीस पाने आठ कागदांत मावतात. रंगीत आकृत्या काळ्या-पांढऱ्या केल्या, मुखपृष्ठ आणि सूची वगळली.

ती प्रत्येक पायरी सविस्तर सांगत होती. प्राचार्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही; हिशेबाची अशी रीत त्यांना आवडत असे.

"खरं-खोटं दुकानदाराकडूनच कळेल," पर्यवेक्षिका म्हणाल्या.

दुकान फाटकासमोरच होते. झेरॉक्सवाल्या मावशी पदराला बोटांची शाई पुसत आल्या.

"ही चोरीची चिठ्ठी आहे होय, साहेब? अख्ख्या वर्गाने अशीच नेलीये. सगळ्यांची छपाई एकदम आली की मी दर उतरवते. नाहीतर पोरं जातात पलीकडच्या गल्लीत, आणि तो मेला फिकट छापतो."

"पण हे वाचता येतं का, मावशी?"

"मला काय विचारता? मला माझ्या दुकानाची पाटी दिसत नाही."

धाकट्या पर्यवेक्षकांनी हसू दाबले. मावशी गेल्या.

प्राचार्यांनी खणातून भिंग काढले आणि एका पानावर धरले. बराच वेळ ते पाहत राहिले.

"इथे पोलादाची घनता सातशे पंच्याऐंशी छापली आहे."

"मधला ठिपका उडालाय, सर. एवढ्या लहान छपाईत दशांशचिन्ह उमटतच नाही. घन सेंटिमीटरला सात दशांश आठ पाच ग्रॅम. सातशे पंच्याऐंशी असती तर हातोडा उचलायला चार माणसं लागली असती."

प्राचार्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू आले. त्यांनी कागद पालथे घातले आणि प्रश्न विचारू लागले. तांब्याचा वितळणबिंदू. बिडाचे प्रकार. ओतकामात छिद्रे का पडतात. मुलगी प्रत्येक उत्तर देत गेली, कारणासकट, उदाहरणासकट, कुठेही घाई न करता.

"हिला कॉपीची गरजच काय?" ते पर्यवेक्षिकांना म्हणाले.

"तसं दिसत नाही खरं," त्यांनी नाइलाजाने मान्य केले.

"आरोप मागे. ही काटकसर आहे, लबाडी नाही. लाज वाटायची तर आपल्याला वाटावी. पुढच्या वर्षीपासून संस्थाच मोठ्या अक्षरात छापून देईल, ना-नफा दराने." ते मुलीकडे वळले. "जा आता. गेलेला वेळ तुला वाढवून मिळेल."

मुलगी जागची हलली नाही.

"सर, अजून काही विचारायचं असेल तर विचारून घ्या. मनात शंका राहायला नको."

हा प्रामाणिकपणा प्राचार्यांना विशेष वाटला. त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले. मग ती दोन्ही पर्यवेक्षकांसह वर्गात परतली. शिपाई दारातल्या स्टुलावर, बाहेर तोंड करून बसला होता. आत कमालीची शांतता होती. सगळ्या माना खाली, सगळे लिहिण्यात गर्क.

पाचव्या प्रश्नात पोलादी तुळईचे वजन काढायचे होते. घनता प्रश्नात दिलेली नव्हती. ती उमेदवाराने लक्षात ठेवणे अपेक्षित होते. उत्तरपत्रिका बाहेरगावच्या परीक्षकांकडे तपासायला गेल्या. त्या वर्गातल्या एकाच उमेदवाराने घनता ७.८५ धरली.

७८५ धरणारे उमेदवार, एकेचाळीस.