पहिला प्रश्न

आमदार भैयाजींनी गार्गीचं कार्ड वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

“खांबेटे? विद्याधर नगरवाले? बाबूजी ठीक हैं ना? वो किरायेदार फिर तो नहीं आया?”

जयपुरात या आडनावाचं घर एकच होतं. गार्गी प्रश्न विचारायला आली होती आणि प्रश्न तिलाच आले.

अंगावर खुनाचे खटले असलेल्या माणसाला लोक हौसेने निवडून का देतात, हा तिच्या पीएचडीचा विषय. त्यापायी ती जयपूरच्या आसपास बगरूपासून कानोत्यापर्यंत फिरली होती. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “त्यांनी तुमचं कोणतं काम केलं?” लोक मोकळेपणी सांगत. कुणाची जमीन सुटली, कुणाच्या मुलीला सासरच्यांनी परत नांदायला नेलं. गार्गीला त्यांची कीव यायची. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, तशी आता तिची गत झाली.

घरी येईपर्यंत तिला सगळं आठवलं. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू नीरज जागा सोडत नव्हता. बाबा वकील शोधत होते. मग एका सकाळी तो बिऱ्हाड घेऊन निघालाच. बदली झाली त्याची, असं बाबा म्हणाले होते. शाळकरी गार्गीने त्याला टाटा केला, तेव्हा त्याने डावा हात हलवला होता. उजवा प्लास्टरमध्ये होता.

तिचे बाबा, शशिकांतराव, बाल्कनीत पेपर वाचत होते. राजकारणात सगळे गुंड शिरलेत, हे त्यांचं रोजचं पालुपद. विमा कंपनीत जन्म गेला, पण कुणाचा साधा पेढासुद्धा खाल्ला नाही, हा त्यांचा अभिमान. गार्गीचाही होता.

तिने त्यांच्यासमोर रेकॉर्डर ठेवला.

“बाबा, भैयाजींनी तुमचं कोणतं काम केलं?”

त्यांनी पेपरची घडी घातली. बराच वेळ ते ती घडी दाबत राहिले.

“कोर्टात आयुष्य गेलं असतं गं,” ते म्हणाले. बगरूतही तिने हेच ऐकलं होतं. “मी फक्त त्याला समजवा म्हटलं होतं. मारा नव्हतं म्हटलं.”

गार्गीला रडू फुटत होतं. तरी तिने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

“हे तू प्रबंधात घालणार?”

“घालणार. लोकांचं घातलं, मग आपलं का गाळू?”

“माझं नाव तरी बदलशील ना?”

“तुमचं बदलेन, बाबा. नियमच आहे तो,” गार्गी म्हणाली. “पण प्रबंधावर माझं नाव असतं. आडनावासकट.”