गुडघाभर झुडपं

लढाईवर गेलेला माझा कृपादान जर्मनांच्या कैदेतून तीन वर्षांनी घरी आला. उत्तरेकडच्या जंगलात त्याला लाकडं तोडायला लावत. उंच झाडांखाली मोकळी भुई नव्हतीच म्हणे. घोटाभर शेवाळ आणि त्यात लाल, आंबट फळांची गुडघाभर झुडपं.

आमचं राहात्याचं अंगण सारवलेलं, कोरडं ठणठणीत. तिथंही हा पाय उंच उचलून, हातानं काहीतरी बाजूला सारत चाले. शेजारची लंकाबाई म्हणायची, "मरिया, तुझं लेकरू ज्वारीत शिरलंय बघ."

शेहेचाळीसच्या मे महिन्यात संगमनेरचे शांतवन मास्तर आपल्या मुलीसाठी त्याला बघायला आले. मी त्याच्यापुढं हात जोडले. "आजच्या दिवस माणसासारखा चाल, बाबा."

"चिरडतं गं ते, आये," तो म्हणाला, आणि तसाच चालत आला.

मास्तर अर्धा चहा ठेवून उठले. "बाई, आधी सांगायचं हुतं. आमाला पोरगी काय जड झाली न्हाई."

तरातरा निघाले. अंगणाच्या मधोमध मात्र थबकले. खाली पाहिलं. मग दोन्ही हातांनी धोतर गुडघ्यावर धरून, एकेक पाय उंच टाकत ते फाटकाकडं गेले.

तोवर धोतराचा काठ लाल रसानं भिजला होता.