रिकामी मतपेटी

पेटीचं वजन गेल्या शनिवारपेक्षा चार ग्रॅमनं जास्त भरलं. न्यू जर्सीतल्या त्या छोट्या संग्रहालयात हिमानी दर शनिवारी जुन्या लाकडी मतपेटीचं वजन करायची. लाकडानं ओल धरली की ते वाढतं. पण महिनाभर हवा कोरडी होती, आणि वजन दर खेपेला नेमकं चार ग्रॅमनं वाढत होतं. उघडली की पेटी रिकामीच असे.

"सतराशे शहात्तर सालापासून इथे मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा बायका मत देत होत्या," ती येणाऱ्यांना ताठ मानेनं सांगे. "अठराशे सातमध्ये तो हक्क काढून घेतला."

"किती प्राउडली सांगतेस, आई!" मुलगी रुही पेटीपलीकडून हसली. "आणि तुझा सिटिझनशिपचा फॉर्म सात वर्षं ड्रॉवरमध्ये."

"भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो गं. बघू."

तेवढ्यात पेटीत घडीचा कागद पडल्यासारखा आवाज झाला. हिमानीनं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. पण काट्यावर चार ग्रॅम वाढले होते.

पुन्हा आवाज, पुन्हा चार. मग एकामागून एक, सावकाश, रांगेतल्या माणसांनी पुढे सरकावं तसे.

"आई, स्टॉप इट," रुही पुटपुटली.

"मी काही करत नाहीये."

आवाज थांबले. हिमानीच्या पाठीवर कुणीतरी हलकेच हात ठेवला आणि तिला एक पाऊल पुढे सरकवलं. रुही तर समोर उभी होती.

हिमानीनं मागे वळून पाहिलं नाही. ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "रुही, सोमवारी फॉर्म पाठवतेय. मी मत देणार."