धरलेला हात

गळ्याचं ऑपरेशन झालेल्या आईच्या खाटेशी धाकटी तिच्या तळव्यात हात ठेवून, जीव मुठीत धरून बसली होती. तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून आईने अबोला धरला होता. सिस्टरने रक्तदाब मोजायला त्याच हाताच्या दंडावर पट्टा आवळला, तशी आईची बोटं वळली आणि त्यांनी धाकटीचा हात गच्च धरला.

"राग गेला ना गं आई?" धाकटीला रडू आवरेना.

सिस्टरचं लक्ष त्या बोटांकडे होतं. "डॉक्टरांना बोलवा. रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. ते सांभाळणाऱ्या गळ्यातल्या इवल्या ग्रंथी ऑपरेशनमध्ये दुखावल्यात, म्हणून पट्टा आवळताच हात आखडलाय."

शिरेतून कॅल्शियम गेलं, तशी बोटं एकेक करून सैल पडली. धाकटी ती आपल्या हाताभोवती पुन्हा पुन्हा मिटून घेत राहिली.