बावीस नावं

"नाव सोडून दुसरं काहीही विचारा, उस्तानी," हाजी तोरगुल अर्ध्या उघड्या दारात उभे राहून म्हणाले.

पलवशाने डोक्यावरची चादर सावरली. सकाळपासूनचं हे अकरावं दार. डोंगरातल्या या पठाणी गावातल्या बावीस पोरी तिच्याकडे शिकत होत्या. दोन वर्षं दारोदार हुज्जत घालून तिने त्यांना घराबाहेर काढलं होतं. आता जिल्ह्याच्या कचेरीचा हुकूम आला होता: गुरुवारपर्यंत विद्यार्थ्यांची नावं पाठवा, नाहीतर शाळा बंद.

"हाजीसाहेब, तुमची नात रोज माझ्यासमोर बसते. नाव मला ठाऊक आहे. कागदावर लिहायला तुमचा होकार हवाय, एवढंच."

"तुम्ही बाईमाणूस. पण कचेरीतल्या परक्या बाप्यांनी आमच्या लेकींची नावं वाचायची? त्यापेक्षा पोर घरी बसलेली बरी."

"मग काय लिहू? बावीस शेळ्या?"

आत हाजींची म्हातारी फसकन हसली. "शेळ्यांना तरी हा नावानं हाका मारतो! मला चाळीस वर्षं 'अगं ए'च म्हणतोय."

"तू गप गं!" हाजी आत बघून खेकसले. मग दाढी कुरवाळत म्हणाले, "असं करा. तिच्या भावाचं नाव घाला. नजीब. पोरगीही शिकेल, अब्रूही राहील."

पलवशाला तो कागद तिथंच टराटरा फाडावासा वाटला. पण गुरुवार परवावर आला होता. तिने दात आवळून लिहिलं, नजीब.

बातमी तिच्या आधी पुढच्या दारी पोचली. आता बाप आपणहून नावं सांगू लागले. ज्यांना मुलगे नव्हते, त्यांनी पुतण्यांची दिली.

दुसऱ्या दिवशी तिने हजेरी घेतली. "नजीब!"

"हाजिर!" लाल ओढणीतली सात वर्षांची चिमुरडी ओरडली आणि वर्ग खिदळला. पलवशालाही हसू आवरेना.

पंधरा दिवसांनी तपासणीला साहेब आले. पोरी बसलेल्या खोलीत परक्या पुरुषाला कोण जाऊ देणार? हाजींनी त्यांना पुरुषांच्या बैठकीत बसवलं, कोंबडी खाऊ घातली, चहा पाजला. हजेरीपट तिथंच मागवला. साहेबांनी पानं उलटली, सही केली.

"इतकी चोख हजेरी जिल्ह्यात कुठं पाहिली नाही," ते म्हणाले.

महिन्याने पत्र आलं. शाळा कायम झाली होती! हाजींनी गूळ वाटला. म्हातारी पलवशाचा हात धरून म्हणाली, "बाई, सगळं वाच. एक अक्षर सोडू नकोस."

पलवशाने डोळे पुसले आणि पुढची ओळ वाचली.

"मुलग्यांच्या शाळेवर स्त्री शिक्षिका नेमण्याचा नियम नाही, सबब, सोमवारपासून तेथे दोन मास्तर रुजू होतील."