खातं कुठे उघडायचं?

निवृत्त झाल्यापासून बाबांचं एकच चाललं होतं. पैसे कॉलनीसमोरच्या बँकेत ठेवायचे की कोपऱ्यावरच्या पतपेढीत? रोज इस्त्रीचा शर्ट घालून दोन्हीकडे जायचे आणि व्याजदर वहीत टिपून आणायचे.

चौथा महिना लागला तशी आई वैतागली. "अहो, मी तुम्हाला दहा मिनिटांत हो म्हटलं होतं. एका खात्यासाठी किती ते आढेवेढे!"

बाबांनी कॉलर नीट केली. "अगं, आत्ता दोन्हीकडचे साहेब उठून खुर्ची देतात, चहा मागवतात. एकदा हो म्हटलं की कोण विचारतंय? टोकन घ्या आणि बसा रांगेत!"



आईने चष्म्यावरून पाहिलं. "हे तुम्ही मला सांगताय?"