लांब बाह्या

"हात सैल सोड. पोलिसांनी पकडल्यासारखी ताठ काय उभी राहतेस?" टेलरमास्तरांनी लेकीच्या खांद्यावर टेप टेकवली.

"बाबा, कपड्यावरूनच घ्या ना माप."

"वरून घेतलेलं माप वरवरच बसतं," असं म्हणत त्यांनी तिची बाही वर सारली आणि टेप त्यांच्या हातातच राहिली.

दंडावर काळेनिळे डाग होते. एकाखाली एक, बोटाबोटाच्या अंतरावर, चार.

"हे काय गं?"

लेकीने टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग हसली. "तुमचीच कृपा. तुम्हीच नेलं होतंत ना लशीला?"

मास्तरांनी डागांवरून हळूच बोट फिरवलं. नेलं त्यांनीच होतं. इस्पितळातल्या लोकांचे पांढरे कोट ते शिवायचे, तिथेच त्यांना कळलं होतं, की फ्लूची लस धडधाकट माणसांना कुठल्या पद्धतीने दिलेली बरी, हे डॉक्टर ताडून बघताहेत. पद्धती तीन, गट तीन, कार्डांचे रंग तीन. कुणाला कुठलं कार्ड, ते चिठ्ठी काढून ठरायचं. मास्तरांना निळं आलं. निळं म्हणजे दंडात खोल सुई, आणि पुढचे दोन दिवस त्यांना कात्री धरवली नव्हती.

लेकीला पिवळं आलं. ती शेजारच्या खोलीत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली, ती रुमालाने नाक पुसत, डोळ्यांत पाणी. "शिंप्याची पोर आणि सुईला भिते!" म्हणून मास्तरांनी चारचौघांत तिची टर उडवली. त्या हसण्याखिदळण्यात तिचं कार्ड त्यांच्याच खिशात राहून गेलं.

"अगं, पण त्याला तीन आठवडे झाले."

"पिवळ्या गटाचं तसंच असतं. कातडीत देतात, चार ठिकाणी टोचून. परत परत बोलावतात." तिने बाही खाली ओढली. "बाबा, थंडी वाढलीय. बाह्या मनगटापर्यंत करा. तिन्ही ड्रेसांच्या."

बायको गेल्यापासून मास्तरांनी ही पोर तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. आणि आता आपल्याच हौसेपायी तिच्या अंगावर डाग उठले. ते म्हणाले, "उद्याच जातो आणि तुझं नाव काढून घेतो."

"नको!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की शिलाई मशीनवरची रिळांची डबी तिचाच धक्का लागून खाली पडली. रिळं गोळा करता करता तिने हळूच विचारलं, "किती दिवस चालणार आहे हे सगळं?"

"सहा महिने म्हणाले होते."

"मग राहू दे मला त्यात."

तिला न्यायला जावई आला. मास्तरांच्या मते माणूस म्हणजे शंभर नंबरी सोनं. स्थळ त्यांनीच शोधलं होतं. ज्याला कापड कळतं त्याला माणूसही कळतो, हे ते गिऱ्हाइकांना मापं घेता घेता ऐकवायचे. जावयाने आठवणीने त्यांच्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली आणली होती. डागांचा विषय निघाला तसा तो चुकचुकला.

"तिची कातडीच नाजूक आहे, बाबा. मी रोज मलम लावतो. तुम्ही नका जिवाला लावून घेऊ. आणि इस्पितळात तक्रारबिक्रार करू नका हं, डॉक्टरांशी उगाच वाकडं कशाला?"

"बघ, किती काळजी करतो तुझी," मास्तर लेकीला म्हणाले. ती टेपची घट्ट गुंडाळी करत होती.

आठवड्याभरात त्यांनी तिन्ही ड्रेस शिवले. शिवण डागांवर घासू नये म्हणून बाह्यांना आतून मऊ अस्तर लावलं. बटणं लावून झालेला पहिला ड्रेस घेऊन ते तिच्या घरी गेले, तर आता दुसऱ्या दंडावर तसेच चार डाग.

"काल परत बोलावलं होतं," ती म्हणाली. तिने ड्रेस तिथेच घालून बघितला आणि आरशात दोन्ही बाह्या नीट खाली ओढल्या. "छान झाल्यात, बाबा. अगदी अशाच हव्या होत्या."

त्या कौतुकाने मास्तरांना रडूच आलं. घरी येईपर्यंत ते स्वतःला शिव्या घालत होते. आपण बाप आहोत की वैरी? कोटांचं काम टिकावं म्हणून डॉक्टरांपुढे गोंडा घोळला आणि पोरीला त्यांच्या हवाली केलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. ते थेट इस्पितळात जाऊन बाकावर बसले. मांडीवर उरलेल्या दोन ड्रेसांची पिशवी, हातात लेकीचं पिवळं कार्ड. जावयाचं ऐकायचं नाही असं त्यांनी पहिल्यांदाच ठरवलं होतं. डॉक्टरांना काय सुनवायचं, ते मनात घोळवत होते. तुमच्या पद्धती ताडून बघायला माझ्या पोरीचेच दंड सापडले का?

सर्दी-तापाची नोंद द्यायला आलेला एक गुबगुबीत पोस्टमन शेजारी येऊन बसला. त्याच्याही हातात पिवळं कार्ड होतं.

"वा! तुम्हीही पिवळेच?"

"माझं निळं. हे मुलीचं."

"मग मजा आहे तिची."

"कसली मजा, राव!" मास्तरांचा बांधच फुटला. "दोन्ही दंड काळेनिळे झालेत पोरीचे. चार चार ठिकाणी टोचतात, ते पण परत परत बोलावून. आज एकेकाला जाब विचारायला आलोय."

पोस्टमनने आधी त्यांच्याकडे, मग त्यांच्या हातातल्या कार्डाकडे नीट पाहिलं.

"तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, काका," तो हसून म्हणाला. "पिवळ्या कार्डाला सुई नसतेच. एकदाच काय तो नाकात फवारा मारतात, फुस्स करून. जरा डोळ्यांत पाणी येतं, रुमालाने नाक पुसायचं आणि घरी जायचं."